वॉशिंग्टन महाराजांची पोथी

कडूबा मास्तरांना कोणी भित्रे म्हटलं तर त्यांची स्वतःची काही हरकत नव्हती. अंबडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, नोकरी, घरात बायको उषाबाई आणि तीन मुली, वर निजामाचं राज्य. अशा माणसानं शूर होऊन करायचं काय? मदरशात पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे, चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी वाचायची आणि कोणी राजकारण काढलं की खाकरत चालू लागायचं, असा त्यांचा संसार चालला होता.

एका पुस्तकानं सगळी घडी विस्कटली. अडतीस साली पुण्याच्या मेव्हण्यानं अमेरिकेच्या इतिहासाचं मराठी पुस्तक आणून दिलं. मास्तरांनी दार लावून ते वाचलं. कुठल्या कुठं दूर देशात लोकांनी राजाला सांगितलं, तू नको. आणि राजावाचून देश चालला! ही गोष्ट पोटात राहीना. चार लोक जमवून बोलायचं तर सरकारची परवानगी हवी, आणि ती मिळायची नाही. पोथीला मात्र कोणी विचारत नसे. मास्तरांनी पुस्तक तांबड्या बासनात गुंडाळलं, चौरंगावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि वाचायला बसले. 'स्वातंत्र्य' शब्द आला की तो गिळायचा आणि त्या जागी 'मोक्ष' म्हणायचं, एवढी खबरदारी घेतली.

लोक रंगले. करापायी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या हे ऐकून चहावाला कचरू दोन दिवस हळहळत होता. वॉशिंग्टनचे तर बघता बघता वॉशिंग्टन महाराज झाले.

आणि एका संध्याकाळी पायरीवर बूट वाजले. पोलीस ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, फकरोद्दीन. त्यांनी बूट काढले, पायरीवर नीट जोडीनं ठेवले आणि तिथंच बसकण मारली. "चलने देव, मास्टरसाब. हम बी सुनते."

मास्तरांनी तो अध्याय कसाबसा उरकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताप आल्याचा निरोप धाडला. थोड्याच वेळात देवळात सडा घालणारी साळूबाई दारात हजर.

"मास्तर, पोथी अर्धी सोडतेत का कुठं? साऱ्या आळीला दोष लागतो. बसवत नसंल तर निजून वाचा. अमीनसायेब बी कव्हाचे वाट बघून राह्यलेत."

इकडे आड, तिकडे विहीर. थांबावं तर आळीचा रोष, वाचावं तर अमीन. नोकरी गेली तर मुलींच्या तोंडात काय घालायचं, हा विचार दर वाक्याला आडवा येई. घशाला कोरड पडे, आणि साळूबाई भक्तिभावानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवी.

शेवटी नको ते प्रकरण आलंच. अमेरिकेच्या सरकारनं आपला म्हणून कुठलाच धर्म ठेवला नाही. याला पर्यायी शब्द कुठला आणणार? मास्तरांनी जीव मुठीत धरून वाचून टाकलं.

"म्हंजी सरकारच्या घरात देव्हाराच न्हाई?" कचरूनं विचारलं.

उत्तर पायरीवरून आलं. "सरकार कू मजहब नई, लोगां कू है. अपना अपना. अच्छी बात है." आणि बोलून गेल्यावर अमिनांनीच चटकन मागं वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. हा माणूसही आपल्यासारखाच अडकलाय, असं मास्तरांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

समाप्तीला साळूबाईनं नारळ ठेवला. "आता फलश्रुती." पोथी ऐकल्याचं फळ काय, ते सांगितल्याशिवाय कोणी उठणार नव्हतं. या पुस्तकात फलश्रुती कुठली असायला! मास्तरांनी धनधान्य, पुत्रपौत्र असं पाठ असलेलं पुटपुटलं.

"ते तर समद्याच पोथ्यांत असतं," कचरू म्हणाला. "वाशिंगटन म्हाराज आपण होऊन गादी सोडून शेतावर गेल्ते, त्याचं फळ सांगा की. ऐकणाऱ्याचा राजा बी जातो का मंग शेतावर?"

हशा उसळला आणि मधेच तुटला. सगळ्यांच्या माना पायरीकडे वळल्या.

अमीन उठले. बूट चढवता चढवता त्यांनी मास्तरांना जवळ बोलावलं. "तुमारे मोक्ष कू हमारे में आजादी बोलते, मास्टरसाब. पहले दिनसेच मालूम था." दुसरा बूट चढवत ते म्हणाले, "ये पोथी फिर मत निकालो. मेरे बाद का अमीन जूते नई निकालेगा."

मास्तरांनी दहा वर्षं ते बासन उघडलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. देवळात पाय ठेवायला जागा उरली नाही. "मास्तर, आता खऱ्या शब्दानं वाचा," लोक म्हणाले. मास्तरांनी 'स्वातंत्र्य' मोठ्यानं म्हटलं आणि त्यांना रडू आलं. रोज वाचत वाचत पुन्हा ते सरकारच्या धर्माचं प्रकरण आलं.

फकरोद्दीनसाहेब नोकरी संपल्यावर जालन्याला मस्तगड मोहल्ल्यात राहायला गेले होते. राज्य गेल्यावर मुसलमान वस्त्यांवर लोकांचा राग निघाला, त्या धामधुमीत त्यांच्या घराला कुलूप लागलं. माणसं कुठं गेली, कोणी सांगेना, आणि विचारणाऱ्याकडेच लोक वाकडं बघत. मास्तरांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी पायरीकडे पाहिलं. वहाणांचा ढीग होता. नीट जोडीनं ठेवलेले बूट तेवढे नव्हते.

"वाचा की मास्तर," कचरू म्हणाला. "आता कोणाचं भ्या न्हाई."

भीती होतीच. आता ती समोर बसलेल्या आपल्याच माणसांची होती. सरकारला धर्म नाही, लोकांना आहे, अपना अपना. एवढं म्हणायचं होतं, पण जीभ उचलेना. मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि बासनाची गाठ मारली.

"अर्धी सोडता, मास्तर?" साळूबाई दचकली.

"अर्धीच फळलीय, साळूबाई," मास्तर म्हणाले, आणि चौरंगावरून पोथी उचलून घरी निघाले.