मागांच्या शहरातलं जावळ

भिवंडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. खट्-खटाक्, खट्-खटाक् असा यंत्रमागांचा अखंड निनाद भिंतींतून, जमिनीतून, पाण्याच्या पिंपातूनही पाझरत राहतो. त्यात खाडीचा खारट वारा आणि सुताचा तरंगता कापूस मिसळला, की समजावं आपण मुक्कामी पोहोचलो. या शहराला नावं ठेवणाऱ्यांची वानवा नाही, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांत आघाडीवर होते, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

माझं माहेर माहुली गडाच्या पायथ्याशी. तिथे सागाचं वाळलं पान पडलं तरी माणूस मान वळवून बघतं. अशा नि:शब्दतेतून मी भिवंडीतल्या टेमघरला सासरी आले, तेव्हा मला वाटलं, या घरात सगळे एकमेकांवर रागावलेत! मग उमगलं, की भिंतीला भिंत लागून कारखाना आहे, आणि इथे मायासुद्धा ओरडूनच करावी लागते. लोडशेडिंगचे ते दिवस. वीज गेली की माग क्षणात थांबत, पण आमचे आवाज काही खाली येत नसत, आणि सासूबाईंच्या घरगुती तक्रारी साऱ्या आळीला विनासायास ऐकू जात.

तरीही हे शहर हळूहळू मला आवडू लागलं होतं. सकाळी गच्चीवर उभं राहावं, तर एका अंगाला भरतीने तुडुंब झालेली खाडी झळाळत असते आणि दुसऱ्या अंगाला, हवा स्वच्छ असेल तर, माहुलीचे सुळके निळेशार दिसतात. मधल्या भातखाचरांवर राहनाळपासून वडप्यापर्यंत गोदामांचे पत्रे चढत चाललेत खरे. पण त्या सुळक्यांमागे तानसाचं रान अजून आहे, रात्री तिथे बिबट्या फिरतो, आणि इकडे आपण मागाच्या तालावर पोळ्या लाटतो! समुद्राचं बोट धरून आणि डोंगराला पाठ टेकून बसलेलं असं गाव दुसरं कुठे असेल?

याच घरात माझी लेक जन्मली. गुणी बाळ! झोपली की झोपली. भिंतीपलीकडे डझनावारी माग धडधडत असताना ती मूठ मिटून शांत निजायची, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, "आमची पोर लय शानी हाय, तरास म्हनून न्हाय."

एक दिवस माझ्या हातून फळीवरची ताटंच्या ताटं तिच्या उशाशी कोसळली. मी किंचाळले. ती जागीच होती, छताकडे बघत होती. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

त्या क्षणापासून माझी झोप गेली. मी तिच्यामागे टाळ्या वाजवी, खुळखुळा हलवी, हाका मारी, आणि ती माझा चेहरा समोर आला की तेवढी गोड हसे. वीज गेल्यावर शांततेत नीट पारखून बघावं, तर नेमकी तेव्हाच ती भोकाड पसरून रडत असे. "पंखा थांबला ना, उकडतंय पोरीला," असं सासूबाई म्हणत, आणि मलाही ते पटे. डॉक्टरांनी आपल्या गजबजत्या दवाखान्यात चुटक्या वाजवून पाहिल्या आणि मुंबईला कान तपासून घ्या म्हणाले. आपली लेक आपला आवाज कधीच ऐकणार नाही, ही कल्पना आईला काय करते, ते मी शब्दांत कसं सांगू? मागांच्या त्या आवाजाचा मला त्या दिवसांत मनस्वी संताप येई. वाटे, यानेच माझ्या मुलीचे कान खाल्ले.

मुंबईला जाण्याआधी माहेरी जावळ काढायचं ठरलं होतं. माझा नवरा आणि सासूबाईही सोबत आल्या होत्या. मामाच्या मांडीवर बसून भाचीचे पहिले केस उतरायचे, ही आमच्याकडची रीत. अंगणात पाट मांडला, माझ्या भावाने तिला मांडीवर घेतलं, आणि गावचे जुने न्हावी दगडूतात्या तिच्या मागे बसले. वारा पडलेला होता. डोंगर अगदी अंगणाला येऊन टेकल्यासारखा वाटत होता, आणि रान कसं गप्प होतं.

केसाला कातर लावण्याआधी ती दोनदा रिकामी वाजवायची, ही तात्यांची सवय. त्यांनी ती उजव्या कानामागे वाजवली, आणि लेकीने मान उजवीकडे वळवली. त्यांनी बाजू बदलून डावीकडे वाजवली, तर ती डावीकडे वळली. तात्या भावावर वैतागले, "आरं, मान धर ना तिची! कातर वाजली का वळून बघतेय. कान कापंल एखादा!"

मी हातातलं तबक खाली ठेवलं. "तात्या, पुन्हा वाजवा," एवढंच म्हणाले. ते माझ्याकडे खुळ्यासारखे बघत राहिले, पण त्यांनी वाजवली. तिने पुन्हा वळून पाहिलं, कपाळाला आठी घालून, जणू कोण हा मला सतावतोय!

साऱ्याचा उलगडा त्या घडीला झाला. आमच्या घरात टाळी काय, ताट काय, सगळं त्या खटखटाटात बुडून जायचं. तिने ते मनावर घेणं केव्हाच सोडलं होतं. वीज गेल्यावरचं रडणं उकाड्याचं नव्हतंच. पाळण्यापासून सोबत असलेला आवाज एकाएकी नाहीसा झाला, म्हणून ती भेदरायची. आणि आम्ही बसलो होतो पंख्याला दोष देत!

"ऐकतेय! अगं, ऐकतेय ती!" माझा नवरा ओरडला. कारखान्याच्या वरताण चढायला शिकलेला तो भिवंडीचा आवाज त्या निवांत अंगणात असा काही घुमला, की आंब्यावरचे पक्षी उडाले आणि लेक दचकून टाहो फोडून रडू लागली.

"घे की तिला, बघत काय बसलीस? गप कर पोरीला," सासूबाई म्हणाल्या. मी तिला उचलून उराशी धरलं. पण तिला उगी उगी म्हणायचं मला सुचलंच नाही, कारण मी तिच्यापेक्षा मोठ्याने रडत होते.