ह्यांच्या बाभळी

मी बाग मागितली होती. ह्यांनी मला बाभळी दिल्या.

आणि गेल्या पावसाळ्यात त्यातली एकही उगवली नाही.

आज ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. लेकीनं हे अकाउंट काढून दिलंय, तर म्हटलं आज तेच लिहावं.

खुटबावला घर बांधलं तेव्हा मागं चार वाफे होतील एवढी जागा सुटली. माझं शिक्षण सातवी, पण वाचायचा नाद भारी. किराणाच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचायचे. वाचनालयातून बागेचं एक पुस्तक आणलं आणि लेकीच्या वहीत अख्ख्या वर्षाची बाग काढली. पावसाळ्यात घेवडा, दोडका. दसऱ्याला झेंडू. थंडीत मेथी, कोथिंबीर, पावटा. उन्हाळ्यात मोगरा.

ह्यांनी वही उलटीसुलटी करून बघितली.

"समदं झ्याक हाय. पन खत कुठं लिवलंय?"

हे एमआयडीसीत फिटर. पण ह्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. मेंढरं बसवल्याशिवाय जमीन पिकते, यावर ह्यांचा विश्वासच नव्हता. बसवायची म्हणजे कळप रात्रभर रानात ठेवायचा, लेंडी मातीत मुरते. बदल्यात मेंढरंवाल्याला भाकरी आणि पायलीभर धान्य.

ह्यांचे चुलतभाऊ दशरथभाऊजी अजून मेंढरं राखतात. वैशाखात ते तीन मुक्काम आमच्या परसात करून गेले.

पाऊस झाला आणि वाफ्यावाफ्यात हिरवी पिसं निघाली. एवढी नाजूक पानं, मला वाटलं लाजाळू आलं. हौसेनं शेजारच्या हमीदाभाभींना दाखवायला बोलावलं.

भाभींनी चष्मा वर केला. "लाजाळू? अगं बये, बाभूळ हाय ही. समदी बाभूळच हाय!"

उन्हाळ्यात मेंढरं बाभळीच्या शेंगांवर जगतात. शेंग पचते, बी पचत नाही. ते लेंडीतून पडतं आणि पाऊस लागला की उगवतं. मेंढरांच्या घरातल्या माणसाला हे माहीत नसावं?

"म्हाईत व्हतं की," हे म्हणाले. "पन रानात बैलामागं कुळव फिरतो, बाभळी उपटून मरत्यात. परसात कुळव कोन फिरवनार, ह्येच डोस्क्यात आलं न्हाई."

"मग आता?"

"आता आपुनच कुळव."

तेव्हापासून दर पावसाळ्यात रविवारी सकाळी आम्ही दोघं परसात. दोन पानांची बाभूळ चिमटीत निघते. वीतभर झाली की मूळ हातभर खाली गेलेलं असतं, मग कुदळच लागते. हे कंपनीतले जुने चामड्याचे हँडग्लोव्हज घालून बसायचे.

"तुज्या पुस्तकात बाभूळ कितव्या पानावर हाय गं?"

"तुमच्या खताच्या."

एवढं असून बाग झाली. घेवडा जाळीवर मावेना. थंडीत पावट्याच्या शेंगा गल्लीभर वाटल्या. उन्हाळ्यात टँकरचं पाणी, वाया जाऊ नये म्हणून हे मोगऱ्याशेजारी दगड टाकून त्यावर अंघोळ करायचे.

मी म्हणायचे, "फुलांना साबणाचा वास यायला लागलाय."

"येऊ दे. मला फुलांचा येतोय."

एका वैशाखात त्याच दगडावर अंघोळ करून हे सेकंड शिफ्टला गेले. संध्याकाळी कंपनीची जीप दारात आली. छातीत कळ आली होती. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी दोन महिने परसाचं दार उघडलं नाही. शेवटी लेकच म्हणाली, "आई, बाभळी गुडघ्याला लागल्यात."

ह्यांचे हँडग्लोव्हज घातले. बोटं आत नुसती हलत होती. दहाव्याला मी रडले नव्हते. त्या दिवशी पहिली बाभूळ मुळासकट निघाली आणि मी चिखलातच बसले.

बागेतलं बाकी सगळं मी लावलेलं. घेवडा माझा, पावटा माझा, मोगरा माझा.

बाभळी तेवढ्या ह्यांच्या.

पुढं कुठंतरी वाचलं, बाभळीच्या बीचं कवच कठीण असतं, मातीत ते वर्षानुवर्षं तग धरतं. वाचून बरं वाटलं. पण वर्षानुवर्षं म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं.

दर साली त्या कमी होत गेल्या. गेल्या पावसाळ्यात मी वाफ्यांतून बोटं फिरवली. दगड उचलून बघितला. मोगऱ्याच्या बुडात बघितलं. श्रावण गेला, भाद्रपद गेला.

भाभी म्हणाल्या, "आवंदा बाग कशी चकोट ठिवलीस! एक बाभूळ न्हाई."

मी परत एकदा दगड उचलून बघितला.

झेंडू झाला, मेथी झाली. हात चालत होते.

परवा दशरथभाऊजींना फोन लावला.

"भावजी, मेंढरं कुठं हायेत?"

"यवतच्या माळाला. का वो वैनी?"

"एक मुक्काम परसात करा की."

"आत्ता? आवो, आत्ता शेंगाच खात्यात ती. मागच्या खेपंला काय झालं, इसरला व्हय?"

"न्हाई इसरले."

फोनमधून मेंढरांचा आवाज येत होता.

"भाकरी किती टाकू?" मी विचारलं.

"टाका चार." मग म्हणाले, "येतो."

काल मेंढरं बसली. आज सकाळी बघते तर वाफे लेंड्यांनी काळे झालेत आणि मोगऱ्याला एक पान राहिलं नाही. हे असते तर म्हणाले असते, खत लिही आता तुझ्या वहीत.

हँडग्लोव्हज उन्हात टाकलेत. चामडं कडक झालंय, तेल लावायला हवं.

अहो, खत पडलंय. पाऊस आला की कुळव मी बघते.

तुम्ही निवांत असा.

नमस्कार करते.