खडूमास्तरांचं कपलिंग

आमच्या तिसगावात कुणी खडूमास्तरांचं घर विचारलं, की नवखा पोरगा त्याला शाळेकडं पाठवायचा. मास्तर शाळेत होते ते चौथीपर्यंत, तेही विद्यार्थी म्हणून, आणि तेही नाखुशीनं. त्यांचं लोखंड कातायच्या लेथचं दुकान माझ्या मोटार वायंडिंगच्या दुकानाला भिंतीला भिंत लागून. कानावर कायम पांढरा खडू. लेथच्या चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, लोखंड बांधायचं, ते फिरतं ठेवायचं आणि खडू हळूच जवळ न्यायचा. ज्या बाजूनं लोखंड बाहेर आलेलं असेल तिथंच रेघ उमटते. मग समोरचा जबडा ढिला करायचा, हा आवळायचा. दोन-तीन खेपांत लोखंड मध्यावर. जुने टर्नर सगळेच हे करतात, पण नंतर डायल गेज लावून खात्री करतात. केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारं ते घड्याळासारखं यंत्र मास्तरांनी दुकानात कधी येऊ दिलं नाही. "घड्याळ येळ बघाया असतं," म्हणायचे.

एकदा नगरच्या एमआयडीसीतला एक तरुण इंजिनिअर काम घेऊन आला. मास्तरांनी शाफ्ट तयार करून दिला, तर या पठ्ठ्यानं खिशातून गेज काढून त्यांच्यासमोरच लावलं. काटा जागचा हलला नाही. इंजिनिअर खूश होऊन "परफेक्ट" म्हणाला. मास्तरांनी शाफ्ट त्याच्या हातातून घेतला, भंगाराच्या ढिगावर टाकला आणि म्हणाले, "दुसऱ्याकडून करून घ्या सायेब." उस्तादाच्या कामाला त्याच्या देखत गेज लावणं म्हणजे जेवायला बसून भाकरी हुंगून बघण्यासारखं. आमच्या धंद्यात हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

माझ्यावर त्यांचा जीव होता, पण तो शिव्यांतून कळायचा. वीस वर्षांपूर्वी मी दुकान टाकलं त्या पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "आरं वायंडिंगवाल्या, वार्निश कसलं वापरतोस, वासानं मेलो की." दुपारी तेच स्वतःच्या डब्यातली बाजरीची भाकरी नि ठेचा माझ्यापुढं सरकवून बसले. कुणाचं काम हलगर्जीनं झालेलं दिसलं, की "हाताला लाज आनलीस," एवढंच म्हणायचे. ते ऐकावं लागू नये म्हणून मी कितीतरी मोटारी उकलून पुन्हा बांधल्या आहेत. माझ्या हाताला जे काही वळण आहे ते त्यांच्या धाकाचं, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. लग्नानंतर दहा-बारा वर्षं दोघं ऊसतोडीला जायची, मास्तर लेथवर आले ते नंतर. काकूंनी आधी फडातल्या तीन दगडांच्या चुलीवर आणि मग घरच्या चुलीवर जन्मभर फुंकणी मारली. त्या धुरानं छाती खाल्ली. नगरच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं आणि महिन्यातून दोनदा तपासणीला बोलावलं. मशीन करंटवर चालतं, आणि आमच्याकडचा करंट कसा असतो ते मी काय सांगायचं. त्यात पेट्रोल-डिझेलचा वास नाकात गेला की काकूंना जी ढास लागायची, ती नगर येईपर्यंत थांबायची नाही. एकदा एसटीतून उतरवून त्यांना रस्त्याच्या कडेला बसवलं होतं. खोकता खोकता मला म्हणाल्या, "संपत, तुज्या मास्तराला म्हनावं, आता माज्यासाठी बैलगाडी बघ."

मास्तरांनी ते मनावर घेतलं. इंजिन जाम झालेली एक जुनी व्हॅन त्यांनी आणली. भंगारवाल्याकडं फोर्कलिफ्टची एक मोटार पडलेली होती, तीही आणली. मोडक्या ई-रिक्षांच्या बॅटऱ्या मी गोळा केल्या. बेत साधा होता: इंजिन काढायचं, त्या जागी मोटार बसवायची. धूर नाही, वास नाही, आणि काकूंचं मशीन व्हॅनच्याच बॅटरीवर चालणार, प्रवासातही आणि घरचे दिवे गेल्यावरही. मास्तर पोरासारखे हरखले होते. मला म्हणाले, "नगरला काय, तिला भंडारदऱ्याला नेतो बघ. धरन बघितलं न्हाई तिनं." मोटारीचं काम माझं. मी तिचे कार्बन बदलले, आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, साफ केलं, आणि मोटार अशी फिरू लागली की मलाच बरं वाटलं.

अडचण होती ती जोडणीची. फोर्कलिफ्टच्या मोटारीची आणि व्हॅनच्या गिअरबॉक्सची ओळखदेख नसते. दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते आणि दोन शाफ्ट एका रेषेत धरणारं कपलिंग. मास्तरांनी जुन्या क्लचप्लेटचा मधला दातेरी भाग कापला, नव्या बुशच्या नळकांड्याला वेल्ड केला आणि कपलिंग लेथवर चढवलं. पण त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "तिचं जान्यायेन्याचं लागू दे मार्गी, मग बघू डोळ्याचं." खडूची रेघ दिसावी म्हणून ते चकवर इतके वाकायचे, की मिशी अडकते की काय अशी मला धास्ती वाटायची.

कपलिंग मोटारीवर चढवलं त्या दिवशी, एरवी डबा दुकानातच खाणारे मास्तर जेवायला घरी गेले. मी वायरिंगला एकटाच होतो. माझ्या दुकानात एक गेज होतं, आर्मेचर तपासायला. ते आणलं. गंजू नये म्हणून मास्तरांनी प्लेटला तेलाचा हात दिला होता, तिच्यावर गेजचं चुंबकाचं बूड चिकटवलं, काटा कपलिंगला टेकवला आणि शाफ्ट हातानं फिरवला. काटा तीस घरं हलला. चार-पाच घरं हलला असता तर चाललं असतं; तीस म्हणजे दर फेऱ्याला वेल्डला हिसका बसणार. पुन्हा फिरवून पाहिलं, तीसच. मास्तरांचं काम चुकलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

गेज पुसून मी माझ्या दुकानात ठेवून आलो. मास्तर आले, प्लेटवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "बसवू मग?"

मी म्हणालो, "बसवू."

त्यांचा मान राखला, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. चाळिशी ओलांडलेला बाप्या माणूस मी, त्यांच्या तोंडावर "हे चुकलंय" म्हणायची माझी छाती झाली नाही. वाटलं, गाडी थरथरली की त्यांचं त्यांनाच कळेल, मग तेच काढतील.

गाडी थरथरली, पण थोडी. काकू पुढं बसल्या, मास्तरांनी पॅडल दाबलं आणि व्हॅन निमूट निघाली. "आवो, चालू हाय का बंद?" काकूंनी विचारलं, आणि मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तिसऱ्या गिअरला पायाखाली बारीक हादरा जाणवला. मी मास्तरांकडं पाहिलं. "नवं हाय, बसंल हळूहळू," ते म्हणाले. दीड महिना व्हॅन चालली. नगरच्या तीन फेऱ्या झाल्या, काकू एकदाही खोकल्या नाहीत. बाजारच्या दिवशी लोक व्हॅनभोवती जमायचे. दिवे गेले की व्हॅनमधून खिडकीतून वायर आत जायची आणि मशीन चालू राहायचं. मीही तीस घरं हळूहळू विसरलो.

उन्हाळ्यात एका सकाळी काकूंना फार दम लागला. मशीनचा ऑक्सिजन पुरेना, नगर गाठायलाच हवं होतं. अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसण्यापेक्षा आपली गाडी बरी, म्हणून मास्तर निघाले. तासाभरात त्यांचा फोन आला. "संपत, करंजीच्या घाटात हाय. मोटार फिरतीय, गाडी हलंना."

काय तुटलंय ते मला तिथंच कळलं. अॅम्ब्युलन्सला फोन लावत मी मोटारसायकलवर बसलो. घाटाच्या वळणावर व्हॅन उभी होती, चाकाखाली दगड लावलेले. काकूंच्या नाकात नळी होती आणि मागं मशीन घुमत होतं. बॅटरी भरलेली होती, मोटार ठीक होती, आणि व्हॅन एक फूटसुद्धा पुढं जात नव्हती. मास्तर वर्तमानपत्रानं त्यांना वारा घालत होते. काकूंनी मला ओळखलं, हात उचलायला गेल्या, पण उचलला नाही. अॅम्ब्युलन्स चढण चढून आली तेव्हा काही उरलं नव्हतं. मशीन बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. ते अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरनं केलं.

पुढं मुलीनं मास्तरांना पुण्याला नेलं. लेथ विकला गेला. दोन वर्षांनी मास्तर तिकडंच वारले, मी जाऊन आलो. पण आमचं शेवटचं बोलणं झालं होतं ते काकूंच्या तेराव्यानंतर.

तुटलेलं कपलिंग घेऊन ते माझ्या दुकानात आले. वेल्डवरून गोल चीर गेली होती, दातेरी भाग सुटा झाला होता. मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, तेच बोललो, "मास्तर, वेल्डिंगनं दगा दिला."

ते स्टुलावर बसले. मग सावकाश म्हणाले, "त्या दिशी मी घरी जेवाया गेल्तो. मी कदी जातो का? माज्या डोळ्याचं काय मला म्हाईत न्हवतं व्हय? तोंडानं तुला म्हनवंना, की बाबा, बघ एकदा. म्हनून उठून गेलो. आल्यावर प्लेटवर हात फिरवला, तर तेलात तुज्या घड्याळाच्या बुडाचा चौकोन लागला बोटाला. लई बरं वाटलं. तू बसवू म्हनलास, मी बसवलं."

त्यांनी तुटलेलं कपलिंग माझ्या हातात दिलं आणि विचारलं,

"किती घरं हुतं?"

"तीस."

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता.

"एका दुपारचं काम हुतं, संपत," ते म्हणाले.