सुळे नसलेला मुखवटा

अजून आठवलं की डोकं तापतं. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्या शेजारी एक मेक्सिकन बाई राहते, माझ्याच वयाची, रिटायर्ड नर्स. तिने स्वतःच्या घराण्यावर छोटं नाटक लिहिलं. मूळ पुरुष स्पॅनिश शिपाई, मूळ बाई मेक्सिकोच्याच मातीतली, अझ्टेक, आणि दोघांची कामं मुखवटे बदलून ती एकटीच करणार. मुखवटे माझ्याकडे आले, कारण माझं माहेर पेणचं, घरचा गणपतीचा कारखाना. मी बेसमेंटमध्ये कागदाच्या लगद्याचे गणपती करते, ते तिने पाहिले होते.

दोन महिने खपले. शिपायाला दाढी, लोखंडी टोप आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं, की झालं काम. त्या बाईवर मात्र जीव जडला. गालांची हाडं शेजारणीचीच घेतली, कानांत मोठी हिरवी कुंडलं घातली. सगळ्यात शेवटी डोळे आखले, वडील आखायचे तसे, श्वास रोखून. आणि तिथेच माती खाल्ली. एकदा आखलेल्या डोळ्याला हत्यार लावायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. भोकं पाडायला हातच उचलेना. नाकपुड्या जरा मोठ्या केल्या आणि म्हटलं, त्यातून दिसेल की!

कसलं दिसतंय. तालमीत मुखवटा घालून ती बिचारी दोन पावलं चालली आणि खुर्चीवर आपटली.

नाटक बसवणाऱ्या गृहस्थांना हे आयतंच फावलं. पहिल्या दिवसापासून त्यांची कुरकुर चालली होती की अझ्टेक म्हणजे सुळे हवेत, रक्त हवं, लोक घाबरले पाहिजेत. आता म्हणाले, हा मागे भिंतीवर टांगू, शोभेला बरा आहे, गोष्ट काय शिपाईसुद्धा सांगेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोभेला! जिच्या पोटी हे घराणं जन्मलं, ती भिंतीवर, आणि बोलणार कोण, तर शिपाई! मी भांडले, पण रागात माझं इंग्लिश लंगडं पडतं. ते हसून म्हणाले, चूक तुमचीच आहे. होतीच माझी, म्हणून तर जास्त झोंबलं.

शेजारीण गुडघा चोळत उठली. तिने मुखवटा आणि कटर माझ्या हातात दिला.

"तिला भिंतीवर टांगू देऊ नकोस," ती म्हणाली. "मला तिच्या डोळ्यांतून बघायचंय."

मनातल्या मनात वडिलांची माफी मागितली आणि बुबुळात कटर घातला. 

तिने मुखवटा बांधला, खुर्चीला वळसा घातला आणि सरळ चालत त्या गृहस्थांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली. सुळे नव्हते, रक्त नव्हतं, तरी ते मागे मागे सरकत गेले, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.