सातव्या बंदरानंतर

माझ्या कपाटात साड्यांपेक्षा जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जास्त आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची नावं मलाही माहीत नाहीत. लहानपणी टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेम मशीनबरोबर बिननावाच्या, कुणी बनवल्या याचा पत्ता नसलेल्या कॅसेटी यायच्या. त्या शोधायच्या, पुसायच्या, त्यातला खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि जगभरच्या आमच्यासारख्याच रिकामटेकड्यांना कळवायचं, की बाबांनो, हाही एक खेळ होता बरं का. हा माझा छंद. नवरा म्हणतो, ‘लोक भंगार घराबाहेर काढतात, तू घरात आणतेस.’ म्हणतो आणि पुण्याला गेला की जुन्या बाजारातून स्वतःच दोन कॅसेटी घेऊन येतो. म्हणून मी त्याच्या बोलण्याकडे फारसं लक्ष देत नाही.

या सगळ्याचं मूळ एका पिवळ्या कॅसेटमध्ये आहे, आणि मी केलेल्या एका लबाडीत.

मी दहा वर्षांची होते. आमचं घर समुद्राकाठी मांडवीला, वडील नोकरीला मुंबईत. एका मे महिन्यात ते येताना गेम मशीन घेऊन आले. बरोबर एकच पिवळी कॅसेट, तिच्यावर लेबल नाही. आत एकच खेळ. होडी हाकायची, मासे गोळा करायचे, खडक आणि भोवरे चुकवायचे आणि बंदर गाठायचं. ते गाठलं की पुढचं बंदर. पडद्यावर कुठं अक्षर म्हणून दिसायचं नाही. आम्ही त्याला होडीचा खेळ म्हणायचो.

शेजारची काकी सकाळी डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला जायची. दुपारी परतली की आमच्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसून पदरानं मान पुसायची, आईशी चार गोष्टी बोलायची. एक दिवस ती माझा खेळ बघत बसली आणि न राहवून म्हणाली, ‘काय गो, पाखरांना भितेस कशाला? पाखरं पडतात तितंच मावरं गावतं.’

खेळात वरून पक्षी झेपावायचे. ते होडी फोडणार असं धरून मी आणि वाडीतली सगळी पोरं त्यांच्यापासून पळायचो. काकीनं माझ्या हातातला रिमोट घेतला (आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो), होडी नेमकी पक्ष्यांखाली घातली आणि जाळं भरून मासे वर आले. त्या दिवसापासून काकी आमच्याकडे रोज दुपारी येऊ लागली, आणि आईशी बोलायला नव्हे.

ती खेळायची म्हणजे नुसती खेळायची नाही. होडीला शिव्या, भोवऱ्याला शिव्या, ‘असा पापलेट दर्यात असतोय काय रे मुडद्या,’ असं ज्यानं खेळ बनवला त्यालाही. आम्ही तिसऱ्या बंदरावर धारातीर्थी पडायचो, ती सहाव्यावर पोचायची. सातवं बंदर कुणीच ओलांडलं नव्हतं. त्याच्यापुढं काय आहे याच्यावर वाडीत पैजा लागायच्या. कुणी म्हणे मोठा देवमासा येतो, कुणी म्हणे राजवाडा.

सुट्टी संपायला दोन दिवस उरले होते तेव्हा काकी सातव्या बंदरात शिरली. दुपारपासून तिनं रिमोट सोडलेला नव्हता. माझी खेळायची पाळी केव्हाच आली होती. मशीन माझं, वडील माझे, आणि मी कोपऱ्यात बसून बघत होते. त्यातून सातवं बंदर ओलांडण्याचा मान तिला मिळणार. मी हळूच टीव्हीमागं सरकले आणि बोर्डवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. ‘लाइट गेली!’ मी ओरडले आणि अंगणात पळाले.

मागून काकीचा आवाज ऐकू येत होता. लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा तिनं उद्धार केला. मी माडाच्या आड उभी राहून ऐकत होते, आणि मला जरासुद्धा मजा आली नाही.

मग शाळा सुरू झाली, आईनं मशीन बांधून माळ्यावर टाकलं. ‘खाऱ्या हवेत लोखंड सडतं, कोयतीला लावतात तसं खोबरेल लाव,’ असं काकीच म्हणाली. मी कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांना बोटानं भरपूर तेल चोपडलं. गणपतीत मशीन खाली काढलं तर ते आतून गंजून गेलेलं. त्याला तेल कोण लावणार! काकीचं सातवं बंदर तसंच राहिलं.

पुढं मी शिकले, तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले, लग्न झालं. काकी कधी बाजारात भेटली की हमखास विचारायची, ‘तुझा तो खेळ हाय काय गो? पुढं काय व्हतं ते बगायचं ऱ्हायलं.’ ती हसत म्हणायची. मी पिशवी सावरत विषय बदलायचे.

जुन्या खेळांच्या या मंडळीत मी शिरले ती त्या पिवळ्या कॅसेटसाठी. त्यांना होडीच्या खेळाचं वर्णन करून सांगितलं, तर कुणी ओळखेना. एक गृहस्थ तर म्हणाले, लहानपणच्या आठवणीत माणूस दोन-तीन खेळ एकत्र करून टाकतो, तसं झालं असेल. मला असा राग आला! त्याच रागात मी कॅसेटमधल्या चिपवरचा खेळ वाचणारं छोटं यंत्र मागवलं.

आमच्यात नियम असा, की तीच चिप निदान दोनदा वाचायची आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच खऱ्या मानायच्या. माझ्या चार वाचनांत चार वेगळ्या प्रती आल्या. पट्ट्यांवर तेलाचा पिवळा, चिकट थर बसला होता आणि त्यात इतक्या वर्षांची धूळ. तेल लावल्याचं ग्रुपवर कबूल केलं तेव्हा त्या गृहस्थांनी चांगलं झापलं. मग लॅबमधल्यासारखं स्पिरिट आणि कापूस घेऊन बसले. थर निघाला तसं खालचं तांबं लखलखीत दिसलं. किनाऱ्यावरच्या गावांतून मिळालेल्या माझ्या बाकीच्या कॅसेटींना हिरवा गंज खाऊन गेला होता, आणि ही तेवढी धड. काकीची कोयतीची अक्कल कामी आली होती. पुढची तिन्ही वाचनं जुळली. झापणाऱ्या गृहस्थांना मी ती प्रत पाठवली आणि दोन दिवस फुशारकीत वावरले.

जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेणारं सॉफ्टवेअर असतं, एम्युलेटर. त्यात खेळ हवा तिथं थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतो. तसं करत करत मी एकटीच सातवं बंदर ओलांडलं. पुढं पहिलंच बंदर होतं. तेच खडक, तेच भोवरे. ना देवमासा, ना राजवाडा. खेळ गोल फिरत होता, त्याला शेवटच नव्हता.

मला रडू आलं. इतकी वर्षं वाट बघणाऱ्या काकीला काय दाखवू? आठवडाभर खपून मी एक दुसरी प्रत तयार केली. तिच्यात सातव्या बंदरानंतर धक्क्यावर दिवे लागत, होडी किनाऱ्याला लागे आणि वर ‘काकी जिंकली’ अशी अक्षरं येत. जुनं आहे तसं जपायचं, त्यात बोट घालायचं नाही, हा आमचा सगळ्यात मोठा नियम. तो मी मोडला होता.

मग काकीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्यानं मी तिला रविवारी दुपारी घरी आणलं. लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी होत्या. माझं बोट खोट्या प्रतीवर जाऊन थांबलं. या बाईला एकदा फसवलंय, दुसऱ्यांदा नको, असं वाटलं आणि मी खरी प्रत उघडली.

काकीची बोटं आता आखडतात. मी म्हटलं, ‘मेलीस तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतं, करू का?’

‘रडीचा डाव कशाला? मेली तर मेली.’

तीन रविवार ती खेळली. नवरा आधी पेपर वाचत होता, दुसऱ्या रविवारी सोफ्यामागं उभा राहून ‘डावीकडं, काकी, डावीकडं!’ करू लागला. तिसऱ्या रविवारी तिनं सातवं बंदर ओलांडलं. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. पडद्यावर पहिलं बंदर आलं.

‘ह्ये तर पयलंच,’ काकी म्हणाली.

‘पुढं काहीच नाही गं काकी. शेवटच नाही त्याला.’ आणि तसंच, दम न घेता मी पुढचंही बोलून टाकलं, ‘त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती. मी बटण बंद केलं होतं.’

काकीनं पडद्यावरची नजर काढली नाही. होडी खडकाच्या कडेनं अलगद वळवली.

‘ठावं हाय. पंखा फिरत व्हता ना डोक्यावर.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘आयशीनं तुला बडवली असती, आनि मशीन उचलून ठेवलं असतं. माझा खेळ बंद!’

‘आणि लाइटवाल्यांना एवढ्या शिव्या घातल्यास त्या?’

‘त्या तुलाच व्हत्या,’ काकी म्हणाली. ‘आता गप बस. पाखरं आली बग.’