लिंडोरसचा हिरवा डोळा

रेडिओ ऐकताना रंगोजीअण्णा डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चिमटीत तपकीर असावी. तपकीर नव्हती, काहीच नव्हतं. चिकपेटेतल्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसून त्यांनी तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे पदर उलगडले होते. कुठलीही वस्तू चिमटीत धरून पाहिल्याशिवाय तिचा खरेखोटेपणा कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. आवाजही त्यातून सुटला नव्हता. "पोत बघायचा रे आवाजाचा," ते म्हणायचे. "विरळ आवाज पहिल्या धुण्यात आटतो."

मी निपाणीहून बेंगळूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तेव्हा बळेपेटेच्या मागच्या एका वठारात मला खोली मिळाली. वठार म्हणजे एका अंगणाभोवती दाटीवाटीने बसलेली सात बिऱ्हाडं, मधे एक नळ आणि त्या नळावरून रोज सकाळी भांडण. सामान टाकून खाटेवर आडवा झालो, तर भिंतीपलीकडून स्वच्छ मराठीत बातम्या ऐकू आल्या. परक्या गावात आपली भाषा अशी भिंतीतून आली की माणूस जरा हळवा होतो. मी उठून थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. अण्णांनी डोळे न उघडताच हाताने 'बस' म्हटलं. बातम्या संपल्यावर डोळे उघडून विचारलं, "मुंबईचं मराठी आहे हे. कळतंय की नाही तुला?"

त्यांना ते पुरतं कळत नसे, हे मला मागाहून समजलं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. दुकानात कन्नड, गल्लीत तमिळ आणि तेलुगू, मराठी तेवढी घरात, तीही निम्मी कन्नडच. बातम्यांतला 'अधिवेशन' किंवा 'शिष्टमंडळ' असा एखादा शब्द ते तोंडात घोळवून बघायचे आणि हसायचे. "आपलंच मराठी आहे बघ, पण इस्त्री केलेलं." तरी एक संध्याकाळ चुकवायचे नाहीत. सुंदराक्का, म्हणजे त्यांची बायको, मला हळूच म्हणाली होती, "देवाची घंटा चुकेल, पण ह्यांच्या बातम्या चुकायच्या नाहीत."

हे मराठी ज्यातून यायचं, तो रेडिओ जर्मन होता. नाव लिंडहॉर्स्ट. अण्णांनी त्याचं लिंडोरस केलं होतं, आणि मग साऱ्या पेटेत तेच नाव पडलं. तपकिरी लाकडाची पेटी, पुढे सोनेरी कापड आणि वर कोपऱ्यात एक हिरवा काचेचा डोळा. स्टेशन जवळ आलं की तो डोळा मिटत जायचा, बरोबर लागलं की चिमटीएवढा उरायचा. अण्णांचा त्या डोळ्यावर फार जीव. "बाकीचे रेडिओ आंधळे," ते म्हणायचे. "चाचपडत स्टेशन शोधतात. आमचा बघून शोधतो."

वठारातच काय, अर्ध्या बळेपेटेत कुणाला रेडिओ घ्यायचा झाला की अण्णांना पुढे घालून न्यायचे. दुकानाच्या सुटीच्या दिवशी ते काळा कोट आणि टोपी घालून निघत. दुकानदार चार-पाच सेट एकामागून एक लावायचा. अण्णा डोळे मिटून, चिमूट घाशीत एकेकाची वासलात लावायचे. "हा सुती आहे. हा रेशमी आहे, पण भेसळ. ह्याला खळ फार घातलीय." शेवटी सगळी मिरवणूक लिंडोरससमोर येऊन थांबायची. समोरच्या बिऱ्हाडातले शेषाद्री मास्तर तेवढे कट्टर विलायती हॅरोबी रेडिओवाले. दोघांत त्यावरून रोज वाद. मास्तर म्हणायचे, "अण्णा, नावाला भुलता तुम्ही." अण्णांचं उत्तर ठरलेलं, "मास्तर, तुमचं ते नाव. आमचं घराणं." मला त्या वादाची गंमत वाटायची. आज वाटतं, माणूस ज्या वस्तूची बाजू घेऊन इतका भांडतो, ती वस्तू त्याच्या आत कुठेतरी आधार देऊन उभी असते. तेव्हा हे शहाणपण मला नव्हतं.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग लिंडोरसचा आवाज वाढायला लागला. आधी भिंतीपलीकडून बातम्या नुसत्या ऐकू यायच्या, आता माझ्या फडताळातली कपबशी वाजू लागली. शेषाद्री मास्तर अंगणातून ओरडायचे, "अण्णा, मुंबईला तुमचा आवाज पोचवायचाय काय?" अण्णा मला म्हणाले, "सेट स्वल्प बसलाय रे. पोत विरळ झालाय. आतली एखादी दिव्याची बाटली गेली असणार." ते व्हॉल्व्हला बाटली म्हणत. परदेशी मालाची आयात तोवर बंद झाली होती, लिंडोरसच्या बाटल्या मिळेनात. मोठ्या खटपटीने एक मिळाली, ती घातली, तरी पोत विरळच.

शेवटी मुनियप्पा मेकॅनिकला बोलावलं. एका रविवारी सकाळी त्याने सेट पालथा घालून तासभर तपासला. मी, अण्णा आणि दारात सुंदराक्का असे तिघेच होतो. मुनियप्पाने मागचं झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणाला, "सेटला येनू आगिल्ला." काही झालेलं नाही. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मुनियप्पाने आवाज पूर्ण उतरवला, मग जरासा वाढवला. मला स्पष्ट ऐकू येत होतं, कुणी बाई गात होती. अण्णांचा अंगठा तर्जनीवर नुसता टेकून राहिला, घासला गेला नाही. मुनियप्पाला कळलं. पिशवी उचलून निघताना त्याने माझ्याकडे पाहिलं, कानाला बोट लावलं आणि पुटपुटला, "किवुडु."

किवुडु म्हणजे बहिरेपणा. निपाणीकडच्या माणसाला हा शब्द सांगावा लागत नाही, अण्णांच्या तर तो जन्मापासून बोलीतला. पण त्यांना तो ऐकूच आला नाही धड. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला तो? किडा?"

मी सुंदराक्काकडे पाहिलं. तिने पदर तोंडाशी धरला होता आणि मान हलवत होती, नको, नको अशी. दुकानात गिऱ्हाइकाचं बोलणं दोनदा विचारावं लागतं म्हणून मालकाने आधीच तोंड वाकडं केलं होतं, हे तिने मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला हसू येत होतं, रडूही येत होतं. आणि खरं सांगायचं तर मी भित्रा होतो.

"हो अण्णा," मी मोठ्याने म्हणालो. "किडा."

"तरीच!" अण्णांचा चेहरा उजळला. "किडा लागल्याशिवाय असा पोत जायचा नाही."

त्यानंतर लिंडोरसवर जे उपचार झाले, ते सांगितले तर खोटे वाटतील. मागच्या बाजूला डांबराच्या गोळ्या ठेवल्या गेल्या, बनारशी साड्यांत ठेवतात तशा. मग कडुनिंबाचा पाला. मग दर रविवारी अंगणात चटई अंथरून सेटला ऊन दाखवणं सुरू झालं. मी एक बाजू धरायचो, अण्णा दुसरी. दोघं मिळून ती जड पेटी उन्हात नेऊन ठेवायचो आणि तिच्याशेजारी बसून राहायचो. वठारात सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. शेषाद्री मास्तर एकदा गमतीने म्हणाले, "तुमच्या घराण्याला कीड लागली की हो अण्णा!" अण्णांनी ते ओठांवरून ओळखलं असावं. गंभीरपणे म्हणाले, "किडा इथल्या हवेतला आहे मास्तर. कंपनीचा काय दोष?"  त्या दिवसानंतर मास्तर हॅरोबीचं नावसुद्धा काढीनासे झाले, आणि त्यामुळे अण्णांना फारच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मी अनेकदा ठरवलं, आज सांगायचं. दर रविवारी पेटी उचलताना ठरवायचो. पण पहिल्या रविवारी जे खोटं अर्ध्या शब्दाचं होतं, ते पुढे दोन माणसांनी उचलावं लागेल एवढं झालं होतं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर ते विचारायचे, "कशाला? मला काय झालंय?" आणि ह्या प्रश्नाचं उत्तर मीच द्यायला हवं होतं.

अशी दोन वर्षं गेली. एका सुटीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. अण्णा लिंडोरससमोर बसले होते. सकाळीच आम्ही तो उन्हातून आत आणला होता. हिरवा डोळा बारीक झालेला, म्हणजे स्टेशन बरोबर लागलेलं. अण्णांचा अंगठा तर्जनीवर संथ घासत होता. फक्त एकच गोष्ट नेहमीसारखी नव्हती. त्यांचे डोळे उघडे होते, त्या हिरव्या डोळ्यावर खिळलेले.

आणि खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता.

मी मागे वाकून पाहिलं. सकाळच्या उचलाउचलीत आतल्या कर्ण्याची तार निसटली होती. सेट चालू होता, स्टेशन लागलं होतं, आवाज मात्र बाहेर येत नव्हता. अण्णांनी मला पाहिलं आणि खुशीत मान डोलावली. "आज बघ काय पोत आहे! किडा मेला वाटतं." स्वयंपाकघराच्या दारात सुंदराक्का उभी होती. तिच्या हातात पिठाची परात होती, ती तिने तशीच खाली ठेवली आणि भिंतीशी बसली. मी तार जोडली. एकदम मोठ्याने सनई सुरू झाली. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आणि अक्काने त्यांना, "डोळे तपासू चला," असं सांगून दवाखान्यात नेलं. तेही खोटंच. डॉक्टर भले होते. त्यांनी दोन्ही कान बराच वेळ पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार उशीर केलात. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर काहीतरी राखता आलं असतं. कदाचित." तो 'कदाचित' मी आजवर सांभाळून ठेवला आहे. कधी तो मला धीर देतो, कधी झोपू देत नाही.

अण्णांनी काय समजायचं ते त्या दिवशी समजून घेतलं असणार.  पुढच्या महिन्यात त्यांनी आपण होऊन दुकान सोडलं. मालकाला म्हणाले, "आता गिऱ्हाईक बोलत नाही, नुसते ओठ हलवतं." रेडिओ मात्र रोज संध्याकाळी लागायचा. डोळा मिटेपर्यंत ते बटण फिरवायचे आणि बातम्यांचा वेळ संपेपर्यंत बसून राहायचे. मी शेजारी बसून त्या ऐकायचो. शेषाद्री मास्तरही येऊन बसू लागले. 

मग माझं लग्न ठरलं, कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. वठार सोडायच्या आधी रेडिओ घ्यायचा होता. मी गुपचूप घेऊन टाकणार होतो, पण अण्णांना अक्काकडून कळलं. सुटीचा दिवस पाहून ते काळा कोट आणि टोपी घालून माझ्या दारात हजर. "चल," म्हणाले. मला नाही म्हणवेना.

दुकानात लिंडोरस केव्हाच संपले होते. दुकानदाराने एक लहानसा ट्रान्झिस्टर पुढे केला. अण्णांनी तो हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "डोळा कुठंय?"

दुकानदार हसला. "इदक्के कण्णु इल्ला स्वामी." ह्याला डोळा नाही.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इतका निराधार झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ते बटण फिरवत राहिले. खरखर, मग गाणं, मग पुन्हा खरखर. कुठे थांबायचं हे सांगणारं त्या पेटीत काहीच नव्हतं. शेवटी खरखरीवरच ते थांबले. त्यांनी सबंध तळवा ट्रान्झिस्टरवर पालथा ठेवला, डोळे मिटले आणि क्षणभराने म्हणाले, "पोत बरा आहे. घे."

"घेतो अण्णा," मी म्हणालो. घेतलाही. तो आंधळा ट्रान्झिस्टर पुढे माझ्या घरात वीस वर्षं वाजला.

बाहेर चिकपेटेत नेहमीची झुंबड होती. हातगाड्या, हमाल, सायकलच्या घंट्या. ट्रान्झिस्टर अण्णांनी छातीशी धरला होता, चालूच. वळणाशी येऊन ते थांबले आणि एकाएकी म्हणाले, "तू आता जाणार. एक विचारतो, खरं सांग. त्या दिवशी मुनियप्पा काय म्हणाला होता?"

एवढी वर्षं ज्याची भीती वाटत होती, तो प्रश्न असा भर रस्त्यात आला. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सावकाश, त्यांना दिसेल असं म्हणालो, "किवुडु."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी पुन्हा म्हणालो, ओरडून म्हणालो. दोन हमाल वळून बघायला लागले. अण्णांनी समाधानाने मान हलवली.

"तेच की," ते म्हणाले. "किडा. मलाही तसंच ऐकू आलं होतं."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे चालू लागले. त्यांना खरंच तसं दिसलं, की सगळं समजून त्यांनी मला सोडून दिलं, हे मला कधीच कळलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. लिहून सांगता आलं असतं, असं मला आजही वाटतं. मी ड्राफ्ट्समन, माझ्या खिशात पेन्सिल कायम असायची. त्या दिवशीही होती.