तांडेल आणि उपाशी इंजिन

आमच्या पवनेला, ती दुथडी भरून वाहत असताना, तिच्याच काठावर उभं राहून ‘व्हाळ’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. व्हाळ म्हणजे ओढा. असं बोलणाऱ्याला आमच्या गावाने एरवी त्याच ओढ्यात बुचकळून काढलं असतं. पण आमची होडी हाकणाऱ्या तांडेलाला कोणी काही म्हणायचं नाही. गावची पोरं पिंपरीच्या नव्या कारखान्यात वेळेवर पोचायची ती त्याच्यामुळे, आणि हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. नम्रपणा त्याच्यात कोणी शोधू नये. नव्हता.

तो मालवणकडचा, खाडीतल्या लाँचवर वाढलेला. अंगात बंडी, डोक्याला लाल रुमाल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी रागवावं नि घरी गेल्यावर हसावं. पहिल्या दिवशी मी माझं पत्रक त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट केलं आणि विचारलं, “ह्या वाचून साहेब होडी देतलो?” मी म्हणालो, “देणार नाही. पण लाज तरी वाटेल.” तो म्हणाला, “लाजेवर होडी चलत नाय रे बाबा. डिझेल व्हया.”

पत्रकं मी कशासाठी छापत होतो ते सांगायला हवं. आमचं गाव थेरगावच्या अंगाला, कारखाना नदीपलीकडे. मधल्या उतारावर दोराने ओढायची एक नाव होती आणि तिचा मक्ता धोंडीअण्णाकडे. ही नाव दिवस चांगला वर आल्यावर सुटायची, पाणी चढलं की बंद व्हायची, आणि धोंडीअण्णाच्या मनात आलं की जेवायला जायची. कारखान्याचा भोंगा मात्र कोणासाठी थांबत नाही. पावसाळ्यात पोरांना उशीर होऊ लागला आणि कंपनीने बजावलं, पुढच्या पावसाळ्यात हेच चाललं तर नदीपलीकडचा एक माणूस ठेवणार नाही. आम्ही लोकल बोर्डाकडे अर्ज केले, पत्रकं वाटली. बोर्डाच्या कचेरीत ती कपबशी ठेवायला उपयोगी पडत असावीत. शेवटी गावाने एक जुनी लाकडी होडी मिळवली, लढाईनंतर लिलावात निघालेलं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं आणि तांडेलाला आणला.

इंजिनाला तो इंजिन म्हणत नसे. ‘जावई’ म्हणायचा. “जावयाक वेळेर जेवण घाला, आंग पुसा, आणि तेच्या तोंडार तेची निंदा करू नकात.” तो रोज पहाटे त्याची टाकी स्वतः भरायचा, फडक्याने पुसायचा आणि पुसताना शिव्या घालायचा. कोणी म्हणालं, “तांडेल, निंदा करू नका म्हणता ना?” तर उत्तर ठरलेलं, “मी सासरो. माका परवानगी आसा.”

होडीच्या परवान्यासाठी बोर्डाचे साहेब एकदाचे यायला कबूल झाले. अट स्वच्छ होती. होडीने त्यांच्यासमोर पार जायचं आणि परत यायचं. जमलं तर परवाना, अडकली तर होडी काठावर आणि मक्ता धोंडीअण्णाचाच. म्हणजे पोरांची नोकरी त्या एका फेरीवर टांगलेली होती. तांडेलाने सकाळी टाकी भरली, होडी चिंचवडच्या काठाला लावली, आणि तो आणि मी साहेबांना आणायला स्टेशनवर गेलो.

आता आमच्या गावाचा शहाणपणा ऐका. आमच्याकडे नवा बैल, नवी गाडी, नवी सून, काहीही घरात आलं की आधी देवदर्शन. गावाच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या कामाआधी होडीला दर्शन नको? इंजिन चालू-बंद करायला शिकलेले दोघे होतेच. होडीला तोरण बांधलं, पुढच्या टोकाला गुलाल फासला, हलगीवाले चढवले, त्यांना जागा हवी म्हणून वल्ही काढून काठावर टाकली, आणि होडी वरच्या अंगाला म्हसोबाला नेली. तेवढ्यात खालची वाडी रुसली. म्हसोबा तुमचा, आमच्या भैरोबाने काय घोडं मारलं? मग होडी उलटी फिरवून पार खाली भैरोबाला. आम्ही साहेबांना घेऊन आलो तेव्हा होडी नवरदेवासारखी नटून जागच्या जागी उभी.

तांडेलाने गुलाल पाहिला. “ह्या काय?”

“काय न्हाई, तांडेल,” सगळे एकसुरात म्हणाले. “जरा पूजा केली.”

अर्धी नदी ओलांडली आणि जावयाला खोकला आला. दोन उचक्या, एक लांब सुस्कारा, आणि सगळं शांत. इतकं शांत की गावच्या काठावर उभा असलेला धोंडीअण्णा खाकरला तेही ऐकू आलं. तांडेलाने आधी नांगर टाकला, होडी खेचून धरली, आणि मग टाकीचं झाकण काढून आत पाहिलं. नंतर गावकऱ्यांकडे पाहिलं. त्या पाहण्यात एवढं काही होतं की एकाने आपण होऊन सांगून टाकलं, “म्हसोबा झाला, भैरोबा झाला... लई लांब न्हाई गेलो, तांडेल.”

“साहेब, दोर फेकू का?” धोंडीअण्णा काठावरून ओरडला. “माझ्या नावंला भूक लागत न्हाई!”

साहेबांनी घड्याळ काढलं. मला संताप आवरेना. मी साहेबांना म्हणालो, “गावाला डिझेल घालायला भाग पाडलं कोणी? बोर्डाने वेळेवर होडी दिली असती तर...” तांडेलाने माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. “भाषाण मागसून. आधी जेवण.” आणि काठाकडे तोंड करून खाडीत लाँचला हाक मारावी तशी हाक दिली, “डिझेल आसा काय कोणाकडे?”

त्या काठावर डिझेल एकाच ठिकाणी होतं, धोंडीअण्णाच्या उसाच्या पंपावर. तो हाताची घडी घालून उभा राहिला. आणि मग त्याच्या मागून त्याची आई पुढे आली. ठकूआई. कंबरेत वाकलेली, आवाजाने ताठ.

“धोंड्या, दे त्यो डबा.”

“आई, तू मधी पडू नगं. मक्ता जाईल आपला.”

“जाऊ दे मक्ता! तुजं पोरगं कुटं जातंय रं कामाला? उडत जातंय व्हय पिंपरीला?”

काठावर जे हसू फुटलं ते नदीभर पसरलं. ठकूआई मुलाच्या उत्तराला थांबलीच नाही. तिने गड्याकडून डबा आणवला, वाळलेल्या भोपळ्यांना बांधायला लावला, आणि पट्टीच्या एका पोहणाऱ्याने तो पाण्यातून ढकलत आमच्यापर्यंत आणला.

डिझेल टाकीत पडलं आणि गावाला जोर चढला. दोन गडी हँडलला झोंबले. फिरव, फिरव, फिरव! दुसरे दोन आले. इंजिन ढिम्म. साहेब म्हणाले, “हे बिघडलेलं दिसतं.” काठावर धोंडीअण्णाने दोर हातात घेतला.

“हँडल सोडा, मेल्यांनो!” तांडेल गरजला. “तेच्या पोटात वारो भरलो आसा. बैल फुगलो तर तेका चाबूक मारतास?”

हे मात्र शेतकऱ्यांना एका क्षणात कळलं. टाकी रिकामी झाली की नळ्यांमध्ये हवा शिरते, आणि हवा असेपर्यंत डिझेल पुढे सरकत नाही. फुगलेल्या बैलाचा वारा काढल्याशिवाय तो पाऊल टाकत नाही, तसंच. सगळे हात मागे झाले. तांडेल गुडघ्यावर बसला. गाळणीचा स्क्रू त्याने जरा ढिला केला. फसफस फेस आला, ताकावर येतो तसा. तो शिव्या देत राहिला, फेस येत राहिला, आणि मग फेसाच्या जागी स्वच्छ धार लागली. स्क्रू आवळला. मग पंपावरचा. मग इंजिनाच्या डोक्याजवळच्या नळीचा. साहेबसुद्धा धोतर सावरून वाकून बघत होते. “आणखी बुडबुडे आहेत,” ते म्हणाले. तांडेल म्हणाला, “बरा बघितलास. धरा हयसर फडको.” आणि बोर्डाच्या साहेबांनी फडकं धरलं! मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी त्याने इंजिनाच्या डोक्यावरची दाब सोडायची कळ उचलली, हँडलला वेग दिला आणि कळ सोडली. धड्. एकदाच. धड्... धड्... धडधडधड! काळा धूर वर गेला, हलगी वाजली, काठावर ठकूआईने दोन्ही हात उंच केले. होडी पार गेली, परत आली, आणि तांडेलाने साहेबांना न विचारता आणखी एक फेरी मारली. “अडकली ती होडी नव्हे, तुमची पूजा,” म्हणत साहेबांनी परवाना तिथेच दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या शिफ्टची पोरं अंधारातच पलीकडे उतरली आणि भोंगा वाजला तेव्हा कारखान्याच्या फाटकात त्याला हसत उभी होती.

धोंडीअण्णाला ठकूआईने होडीवर पाठवलं, शिकायला. तांडेलाने त्याला एक अख्खा पावसाळा शिव्यांवर शिकवलं, आणि दोघांचं कसं जमलं हे कोणाला समजलं नाही. कंपनीने तांडेलाला नोकरी देऊ केली होती. तो म्हणाला, “भोंग्याच्या तालार मी उठाचंय नाय.”

गेल्या शिमग्याला त्याच्या थोरल्या भावाचा सांगावा आला, घरच्या होडीला इंजिन बसवलंय, ये. निघायच्या दिवशी तांडेल पहिल्यांदा उतारू म्हणून होडीत बसला. ट्रंक मांडीशी, रुमाल नवा. सुकाणूवर धोंडीअण्णा. अर्ध्या नदीपर्यंत तांडेल कसाबसा गप्प राहिला, मग ओरडलाच, “अरे, थोडो डाव्या आंगान घे!”

“तांडेल, गप बसा,” धोंडीअण्णा मागे न बघता म्हणाला. “आता तुमी उतारू हाय.”

तांडेल गप्प बसला. मी त्याला तसा बसलेला पहिल्यांदाच पाहिला. होडी चिंचवडच्या काठाला इतकी अलगद टेकली की ट्रंकेवरचा तांब्या हललासुद्धा नाही. तो उतरला, स्टेशनच्या वाटेला लागला, वळून आम्हा कोणाकडे पाहिलं नाही. मागे धोंडीअण्णाने होडी फिरवली होती, दुसऱ्या शिफ्टची पोरं गावच्या काठावर वाट पाहत होती.